सस्कॅचेवानच्या गावाकडच्या रस्त्यांवर बाराही महिने कसं फिरायचं

पहिल्यांदा प्रेअरीत, म्हणजे कॅनडाच्या सपाट गवताळ मुलखात, आलेला माणूस नकाशा उघडतो, त्याला चौकटीच्या वहीसारख्या सरळ रेघा दिसतात आणि तो म्हणतो १२० किलोमीटर, एक वळण नाही, सव्वा तासात पोचू. मीही हेच म्हणायचे. सस्कॅचेवान प्रांताच्या दक्षिण भागात आठ वर्षं गाडी चालवल्यावर आता निघायच्या आधी मी दोनच गोष्टी बघते, रस्ता कशाचा आहे आणि वारा किती आहे. कारण एकच रस्ता जुलैत मस्त असतो, एप्रिलमध्ये चिखल, सप्टेंबरात धुळीचा ढग आणि जानेवारीत चक्क दिसतच नाही, आणि फोन मात्र चारही वेळा तोच सव्वा तास दाखवतो. रिजायना, सॅस्कटूनला नोकरी-शिक्षणासाठी आलेले आणि वीकेंडला शहराबाहेर पडू बघणारे जे कोणी आहेत त्यांच्यासाठी हे सगळं एकदा नीट लिहून काढतेय.

आधी रस्ते समजून घ्या, ऋतूंचं नंतर.

१८७१ पासून सरकारने इथली सगळी जमीन चौकोनांत मोजायला घेतली. एक मैल लांब, एक मैल रुंद तो एक सेक्शन, म्हणजे ६४० एकर, आणि असे ३६ सेक्शन मिळून एक टाउनशिप. या मापाप्रमाणे उत्तर-दक्षिण जाणारा रस्ता दर मैलाला आणि पूर्व-पश्चिम जाणारा दर दोन मैलांना ठेवलेला आहे, पण तो कागदावर. प्रत्यक्षात त्यातले काही डांबरी, बरेचसे ग्रॅव्हलचे म्हणजे खडीचे, काही नुसते मातीचे आणि काही कधी बांधलेच नाहीत, तिथे कुणाचं तरी गव्हाचं शेत आहे. फोनला यातला फरक नीट कळत नाही, तो तुम्हाला दहा मिनिटं वाचवायला खुशाल मातीच्या रस्त्यात घालतो. म्हणून घरून निघतानाच सॅटेलाइट व्ह्यूमध्ये रस्ता बघून घ्या, राखाडी-पांढरा दिसला तर बहुतेक ग्रॅव्हल, दोन चाकोऱ्या आणि मधे गवत दिसलं तर तो कोरड्या दिवसाचाच रस्ता समजा. नकाशा डाउनलोड करून ठेवा, कूलीत (म्हणजे या सपाटीतल्या खोल घळी) उतरलात की सिग्नल जातो.

अजून एक गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती. पृथ्वी गोल असल्यामुळे उत्तरेकडे जाताना रेखांश एकमेकांच्या जवळ येतात, मग चौकोन जुळवून घ्यायला दर २४ मैलांनी उत्तर-दक्षिण रस्ता थोडा बाजूला सरकवलेला असतो. इथले लोक त्याला करेक्शन लाइन म्हणतात. होतं असं की तुम्ही अर्धा तास नाकासमोर चाललेले असता, डोळ्यांवर झापड येते आणि एकदम रस्ता संपतो, समोर कुंपण, डावीकडे-उजवीकडे आडवा रस्ता. रात्री हे फार धोक्याचं आहे. पहिल्यांदा जाताना अशा जागा नकाशावर हेरून ठेवाच.

ग्रॅव्हलवर चालवणं शिकायला लागतं. वेगळी पाटी नसेल तर गावाकडच्या रस्त्यांना मर्यादा ८० ची आहे, पण मी ग्रॅव्हलवर ६०-७० च्या वर जात नाही. आधीच्या गाड्यांनी दाबलेल्या चाकोरीतून चला. रस्ता सपाट करणारं ग्रेडर मशीन नुकतं फिरून गेलं असेल तर मधोमध किंवा कडेला खडीची लांबच लांब वरंबी राहते, त्या वरंबीवर चाक तिरकं चढलं की गाडी हातातून जाते. तसं झालं तर ब्रेक दाबू नका, पाय ॲक्सिलरेटरवरून काढा, स्टीअरिंग हलक्या हाताने सरळ धरा. समोरून गाडी येताना दिसली की वेग कमी करून उजवीकडे व्हा, दगड उडून काचेला टिकली पडते ती अशाच वेळी. समोरचा स्टीअरिंगवरचं एक बोट उचलेल, तो नमस्कार आहे, तुम्हीही उचला. आणि खूप चौकांत पाटीच नसते, ना थांबा, ना काही, तिथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. रेल्वे क्रॉसिंगलाही कितीतरी ठिकाणी फाटक-दिवा नाही, नुसती फुलीची पाटी, तिथे काच खाली करून कान देऊन बघा.

पेट्रोलचा नियम एकच, अर्ध्या टाकीखाली काटा येऊ द्यायचा नाही. नकाशावर गावाचं नाव आहे म्हणून तिथे पंप असेल असं समजू नका. ही गावं रेल्वेलाइनवर आठ-दहा मैलांवर वसली, कारण शेतकऱ्याला घोडागाडीतून धान्य एलिव्हेटरला (म्हणजे धान्याच्या उंच कोठाराला) घालून त्याच दिवशी घरी परतता यायला हवं होतं. पुढे ट्रक आले, छोटे एलिव्हेटर पडले, बरीच गावं नावापुरती राहिली. काही ठिकाणी पंप दिसतो पण तो कार्डलॉक असतो, खातेदाराच्या कार्डावरच चालणारा.

मार्च ते मे

माझ्या मते वर्षातला सगळ्यात फसवा काळ हाच. ऊन पडलेलं असतं, हवेत १० डिग्री, वरून गीझ पक्ष्यांच्या माळा उत्तरेकडे चाललेल्या, आणि आपल्याला वाटतं संपला हिवाळा. पण जमीन खाली अजून गोठलेली असते. वरचा वीतभर थर वितळतो, पाण्याला खाली झिरपायला वाट नाही, मग तो थर तसाच लापशीसारखा पडून राहतो. सखल जागी, इथे ज्यांना स्लू म्हणतात ती डबकी भरून रस्त्यावरून वाहतात. रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर ते घोट्याएवढं दिसलं तरी गाडी घालू नका, खालचा रस्ता वाहून गेलाय की आहे ते वरून कळत नाही. मागे फिरा.

आणि नैर्ऋत्येकडे, ग्रासलँड्स नॅशनल पार्कच्या बाजूला, जी माती आहे तिला लोक गंबो म्हणतात. बेंटोनाइट जातीची चिकणमाती, पाणी पिऊन फुगते. कोरडी असताना सिमेंटसारखी टणक, वीस मिनिटांचा पाऊस झाला की लोणी. चालून बघितलंत तर प्रत्येक पावलाला बुटाचा तळ जाड होत जातो, चार पावलांनी पाय उचलवत नाही. टायरच्या खाचा भरून ते गुळगुळीत होतात, मग मडगार्डच्या आत माती इतकी ठासून बसते की चाक फिरायचंच थांबतं. फोर व्हील ड्राइव्हचा इथे काही उपयोग नाही.

आमचं हे झालेलं आहे. चौथ्या वर्षी, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, व्हॅल मेरीहून परतताना नवरा म्हणाला इथून आत वळलो तर हायवे लवकर लागेल, मीही हो म्हटलं, आणि तीन किलोमीटर आत गेल्यावर पावसाची एक सर आली. गाडी आडवी होऊन चारीत टेकली. आम्ही अर्धा तास चाकं फिरवून ती अजून खोल घातली, जे अजिबात करायचं नसतं. शेवटी एक सत्तरीचे आजोबा ट्रॅक्टरवरून आले, त्यांनी बघितलं आणि ट्रॅक्टर मागेच उभा केला, म्हणाले आत्ता ओढली तर तुमची गाडी पण फाटेल आणि रस्ता पण. रात्री त्यांच्या घरी झोपवलं, पहाटे साडेपाचला उठवलं. रात्री उणे ४ झालं होतं, तोच चिखल दगडासारखा कडक झालेला, त्यावरून त्यांनी हळूच ओढून काढली आणि सांगितलं, ऊन वर यायच्या आत डांबरी गाठा. तेव्हापासून मी वसंतात मातीच्या रस्त्यावर जायचंच असलं तर पहाटे, गोठलेल्या जमिनीवरून जाते आणि नऊच्या आत बाहेर येते. तुम्ही अडकलात तर हेच करा, चाकं फिरवणं थांबवा, रात्रीच्या थंडीची वाट बघणं हा खरंच उपाय आहे.

पहाटे जाण्याचा फायदा असा की शार्प-टेल्ड ग्राउझ या पक्ष्याचे नर एप्रिल-मेमध्ये सूर्योदयाला माळावर जमून नाचतात, पंख पसरून, शेपटी उभी, पायांचा असा थरथराट की बारीक खेळण्याची चावी सोडल्यासारखा. गाडीतूनच बघा, खाली उतरलात तर सगळे उडतात. त्याच सुमारास जुन्या वाळक्या गवतातून जांभळी क्रोकसची फुलं येतात, देठाला कापसासारखी लव असते. गवतात बसलात तर घरी येऊन मानेखाली, गुडघ्यामागे, केसांत टिक बघायची, ही गोचीड मे-जूनमध्ये भरपूर असते.

जून ते ऑगस्ट

रस्ते चांगले, दिवस मोठा, जूनच्या शेवटी सूर्य जवळजवळ सोळा तास वर असतो, त्यामुळे फिरायला हा काळ सोपा. काळजी तीन-चार गोष्टींची घ्या.

एक म्हणजे फोटो. जूनच्या शेवटापासून जुलैभर कॅनोला (मोहरीच्या जातीचं तेलबियांचं पीक) फुलतो, क्षितिजापर्यंत पिवळाधमक, आणि जवस फुलतं ते निळं, पण जवसाचं फूल सकाळचंच, दुपारपर्यंत पाकळ्या गळतात, त्यामुळे तिथे लवकर जा. फोटो मात्र रस्त्यावरूनच काढा. १ जानेवारी २०२२ पासून इथे शेतजमिनीत पाऊल टाकायला मालकाची आधी परवानगी लागते, कुंपण नसलं, पाटी नसली तरी. आणि कायदा बाजूला ठेवा, कॅनोलाला क्लबरूट नावाचा मुळांचा रोग होतो, त्याचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात आणि बुटाला चिकटलेल्या मातीतून एका शेतातून दुसऱ्या शेतात जातात. आपल्या एका फोटोपायी कुणाच्या तरी वावराला कायमचं दुखणं लागू शकतं, मला याचं फार वाईट वाटतं म्हणून मुद्दाम सांगते.

दुसरं वादळ. इथे ते तासभर आधी दिसतं, पश्चिमेला काळी भिंत उभी राहते. गारांचं वादळ अंगावर आलंच तर गाडी थांबवून तिचं तोंड गारांकडे करा, समोरची काच दोन थरांची असते ती तडकली तरी धरून राहते, बाजूच्या काचांचा भुगा होतो. टॉर्नेडोचा अलर्ट फोनवर आला तर पुलाखाली आसरा घेऊ नका, जवळच्या गावात पक्कं तळघर गाठा, आणि वादळाच्या वाटेला काटकोनात दूर जा, त्याच्याशी शर्यत लावू नका.

तिसरं, उंच वाळलेल्या गवतावर गाडी उभी करू नका. सायलेन्सरचा भाग इतका तापलेला असतो की गवत पेटतं, आणि प्रेअरीत आग वाऱ्याबरोबर धावते.

ग्रासलँड्समध्ये दुपारी सावली नावाची गोष्ट नाही, झाडच नाही. माणशी तीन-चार लिटर पाणी गाडीत ठेवा. २००५ च्या डिसेंबरमध्ये एल्क आयलंड नॅशनल पार्कमधून ७१ बायसन (इथले रानगवे) इथे आणून परत वसवले, त्यांची आता मोठी कळपं आहेत, शांत चरताना दिसतात पण १०० मीटरच्या आत जायचं नाही. रॅटलस्नेकही आहेत, घोट्यावर येणारे बूट घाला आणि दगडाच्या फटीत न बघता हात घालू नका. रात्री मुक्काम केलात तर टॉर्च बंद करून दहा मिनिटं नुसतं उभं राहा, हा कॅनडातल्या सगळ्यात काळोख्या भागांपैकी एक आहे, आकाशगंगा अगदी कडेपर्यंत टेकलेली दिसते. पाऊस लागला तर तिथूनच ईस्टएंडला जा, तिथे १९९१ साली सापडलेल्या स्कॉटी नावाच्या टी-रेक्स डायनासोरचं म्युझियम आहे, आणि पोरांना घेऊन सायप्रस हिल्स, उकाड्यात तिथे पाइनची झाडं आणि गारवा मिळतो.

सप्टेंबर, ऑक्टोबर

कुणी मला विचारलं वर्षातून एकच आठवडा आहे, कधी येऊ, तर मी सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा सांगते. डास मेलेले, रस्ते कोरडे, हवा कडक स्वच्छ. फक्त तेव्हा रस्ता आपला नसतो, शेतकऱ्याचा असतो हे लक्षात ठेवा. कंबाइन (कापणी-मळणीचं मशीन), ट्रॅक्टर, धान्याचे ट्रक दिवसरात्र फिरतात, कारण पाऊस किंवा बर्फ पडायच्या आत पीक आत यायला हवं. मागे केशरी त्रिकोण लावलेलं मशीन ताशी तीस किलोमीटरने चाललेलं असतं, लांबून वाटतं बरंच पुढे आहे आणि बघता बघता आपण त्याच्या मागे जाऊन आदळायच्या बेतात येतो. ओव्हरटेक करायच्या आधी डावीकडे शेताचं तोंड आहे का बघा, ते मशीन अचानक डावीकडे वळून शेतात शिरतं, आणि त्याला तुम्ही दिसत नसता. हॉर्न मारून घाई करू नका, जागा मिळाली की तोच बाजूला होऊन हात करतो.

संध्याकाळी वारा पडला की ट्रकने उडवलेली धूळ खाली बसतच नाही, धुक्यासारखी तरंगत राहते. पुढचं दिसत नसेल तर हेडलाइट लावून वेग कमी करा, पण रस्त्यात मधेच थांबू नका, मागून दुसरा ट्रक येत असतो. दिवसा मात्र हीच धूळ कामाला येते, चौकाकडे जाताना आडव्या रस्त्यावर धुळीची शेपटी दिसली की कळतं गाडी येतेय. पूर्व-पश्चिम रस्त्यावर सूर्य उगवता-मावळताना अगदी डोळ्यांत येतो, काच आतून पण पुसून ठेवा.

हरणं ऑक्टोबर-नोव्हेंबरात सगळ्यात जास्त रस्त्यात येतात, दिवस मावळताना आणि पहाटे. एक गेलं म्हणून सोडू नका, मागून दुसरं येतंच. मूस हा प्राणी आता शेतांतही येतो आणि तो जास्त धोक्याचा, रंग काळपट, पाय इतके उंच की हेडलाइटचा उजेड त्याच्या पोटाखालून जातो आणि डोळे चमकत नाहीत. ठोकर होतेय असं वाटलं तर ब्रेक घट्ट दाबा, हरणासाठी चारीत गाडी घालू नका.

आता चांगली गोष्ट. लास्ट माउंटन लेकच्या उत्तर टोकाला १८८७ मध्ये पक्ष्यांसाठी जागा राखून ठेवली, उत्तर अमेरिकेतलं ते पहिलं संघराज्य सरकारचं पक्षी अभयारण्य. सप्टेंबरच्या शेवटी तिथे सँडहिल क्रेन हजारोंनी उतरतात, दिवसभर कापलेल्या शेतांत सांडलेलं धान्य टिपतात आणि सूर्य मावळताना तळ्यावर परततात. आधी आवाज येतो, लाकडी चाक कुरकुरल्यासारखा, कुठून येतोय कळत नाही, मग क्षितिजावर एक काळी दोरी हलताना दिसते, आणि बघता बघता डोक्यावरून थरावर थर जायला लागतात, पायांच्या काड्या मागे ताठ. त्यांच्यात एखादा पांढरा मोठा पक्षी, पंखांची टोकं काळी, दिसला तर तो व्हूपिंग क्रेन. १९४१ साली ही जात वीस-बावीस पक्ष्यांवर आली होती. आम्हाला आठ वर्षांत तीनदा दिसला, तिन्ही वेळा मी रडले.

जेवणाचं सांगायचं तर लहान गावातलं कॅफे दोन-तीनला बंद होतं, सोमवारी बऱ्याचदा उघडतच नाही. पण ऑक्टोबरात गावोगावच्या कम्युनिटी हॉलमध्ये फाउल सपर असतं, टर्की, कोबीचे रोल, घरी भाजलेले पाय (pie, म्हणजे सारण भरलेला गोड पदार्थ), तिकीट काढून कुणीही बसावं. पोस्टाच्या दारावर कागद चिकटवलेला असतो तो वाचत जा. मांस खात नसाल तर तसं सांगा, बटाटा, भाज्या, पाय यावर पोट भरतं आणि बाया आग्रह करकरून वाढतात.

नोव्हेंबर ते मार्च

इथे थंडी मारत नाही तेवढा वारा मारतो. उणे ३० आणि वारा नाही, अशा दिवशी मी आरामात २०० किलोमीटर जाते. उणे १२ आणि ५० चा वारा असेल तर घरी बसते. आभाळ निळं असतं, नवीन बर्फ पडत नाही, तरी जमिनीवरचा पडलेला बर्फ उडून गाडीच्या खिडकीइतका पांढरा पडदा होतो आणि रस्ता गायब. याला व्हाइटआउट म्हणतात. सरकारी हायवे हॉटलाइनवर प्रत्येक रस्त्याची स्थिती असते, निघताना बघा आणि 'प्रवास टाळावा' असं लिहिलं असेल तर खरंच टाळा, लग्न असो की काही असो. बर्फ काढणारा नांगर पुढे चालला असेल तर त्याच्याभोवतीच्या ढगात शिरून ओव्हरटेक करू नका. आणि ॲम्ब्युलन्स, पोलिस किंवा टो ट्रक दिवे लावून उभा असेल तर शेजारून जाताना वेग ६० पर्यंत खाली आणणं कायद्याने सक्तीचं आहे.

गाडीची तयारी ऑक्टोबरातच करून टाका. विंटर टायर इथे सक्तीचे नाहीत, तरी घालाच, साधं रबर थंडीत प्लास्टिकसारखं होतं. बॅटरी तपासून घ्या. काच धुवायचं पाणी उणे ४० चं भरा आणि उन्हाळ्याचं आधी पूर्ण संपवा, पहिल्या वर्षी ट्रान्स-कॅनडा हायवेवर ट्रकने काचेवर घाण उडवली आणि आमचं पाणी नळीतच गोठलेलं, मी बाजूची काच खाली करून डोकं बाहेर काढून पुढच्या एक्झिटपर्यंत गेले. मीठ खूप थंडीत काम करत नाही म्हणून रस्त्यावर वाळू टाकतात, त्यामुळे काळा चकचकीत भाग दिसला तर तो ओला नाही, बर्फ आहे असं समजूनच चला.

गाडीत ठेवायचं सामान, झोपायची पिशवी किंवा जाड ब्लँकेट माणशी एक, जादा मोजे-हातमोजे, फावडं, वाळूची पिशवी, जंपर केबल, टॉर्च, रिकाम्या डब्यात मेणबत्ती आणि काडेपेटी, सुकामेवा-चिक्की असं न गोठणारं खाणं. हे डिकीत नको, मागच्या सीटवर, डिकीचं दार गोठतं.

अडकलात तर गाडी सोडायची नाही. लांबवर शेताचा दिवा दिसतो, वाटतं दहा मिनिटांवर आहे, तो पाच किलोमीटर असतो. ९११ ला फोन करा, जवळच्या ग्रिड रस्त्याचा (चौकोनी आखणीतल्या गावाकडच्या रस्त्याचा) किंवा हायवेचा नंबर सांगा. आधी उतरून सायलेन्सरच्या तोंडावरचा बर्फ काढा, नाहीतर विषारी वायू आत येतो, मग तासाला दहाच मिनिटं इंजिन चालवा, वारा लागत नाही त्या बाजूची काच बोटभर उघडी ठेवा. उणे ४० च्या विंडचिलमध्ये (म्हणजे वाऱ्यामुळे जाणवणाऱ्या थंडीत) उघडी कातडी पाच-दहा मिनिटांत गोठते, म्हणून बाहेर काम करताना एकाने बाहेर, एकाने आत, पाळीपाळीने.

वारा नसलेले दिवस मात्र चुकवू नका. धुकं गोठून तारेच्या कुंपणावर बोटभर लांब पांढरे काटे येतात, सूर्याच्या दोन्ही बाजूंना दोन खोटे सूर्य दिसतात, त्यांना सनडॉग म्हणतात. दिवस आठच तासांचा, त्यामुळे दहाला निघून चारच्या आत पोचायचा बेत ठेवा आणि कुणाला तरी आपला रस्ता आणि पोचायची वेळ सांगून ठेवा.

रात्री मोटेलला उतरलात तर पार्किंगच्या खांबावर प्लग आहे का ते बुकिंग करतानाच विचारा. उणे १५ च्या खाली गाडीच्या पुढून लोंबणारी ब्लॉक हीटरची (इंजिन गरम ठेवणाऱ्या हीटरची) वायर त्यात लावावी लागते, नाहीतर सकाळी इंजिन उठत नाही. रात्रभर नको, निघायच्या तीन-चार तास आधी पुरे, टायमर मिळतो. बाहेर चालेल अशी स्वतःची एक्स्टेन्शन कॉर्ड घेऊन जा. सकाळी टायर एका बाजूने चपटे झालेले असतात, पहिले दोन किलोमीटर गाडी धडधडत चालते, ते आपोआप बरं होतं. आणि गाडी सुरू करायच्या आधी पुढे जाऊन कॉर्ड काढली का ते हाताने चाचपून बघा.